‘नटसम्राट’: पाहिलेलं आणि वाचलेलं

‘नटसम्राट’ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं आहे, वाचलेलं मात्र फार थोड्यांनी. मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांचं उत्तर तरी हेच होतं. कुणी शाळेत असताना आईवडिलांबरोबर दादरला शिवाजी मंदिरात पाहिलं होतं, कुणी नाना पाटेकरांचा २०१६ सालचा चित्रपट. स्वगतं तर सगळ्यांना पाठ. पण पुस्तकाचा विषय काढला की ठरलेलं उत्तर: ‘नाटक काय वाचायचंय? नाटक बघायचं!’ मी रसायनशास्त्राचा माणूस, नाट्यसमीक्षक नव्हे. तरी गेली काही वर्षं पाहणं आणि वाचणं आलटून पालटून करतो आहे, आणि माझ्या मते दोन्हींत एकच नाटक दिसत नाही. परदेशात घर केलेल्या आपल्यासारख्यांना तर नाहीच नाही.

थोडी उजळणी करू. वि. वा. शिरवाडकरांचं हे नाटक २३ डिसेंबर १९७० रोजी रंगभूमीवर आलं. निर्मिती दि गोवा हिंदु असोसिएशनची, दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं. गणपतराव बेलवलकर झाले डॉ. श्रीराम लागू, कावेरी झाल्या शांता जोग. (लागू नाक-कान-घशाचे सर्जन. १९६९ साली डॉक्टरकी सोडून पूर्ण वेळ नट झाले आणि पुढच्याच वर्षी ही भूमिका. आपल्या मुलाने असं काही केलं तर आपण काय म्हणू, हे ज्याने त्याने ठरवावं.) पुढे दत्ताराम, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशांनीही बेलवलकर उभा केला. निवृत्त झालेला मोठा नट आपलं होतं नव्हतं ते मुलगा आणि मुलगी यांच्यात वाटून टाकतो आणि शेवटी दोन्ही घरांतून बाहेर पडतो, ही गोष्ट. मागे सावली अर्थातच शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ची. तेही मराठीत आहे: विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’, १९७४ सालचा. आणि या देशात राहण्याचा एक फायदा असा, की मूळ लिअर काही वर्षांनी कुठे ना कुठे लागतंच. नाट्यगृहात जमलं नाही तर जवळच्या सिनेमागृहात, ‘नॅशनल थिएटर लाइव्ह’च्या पडद्यावर.

वाचावं की पाहावं हा वाद इथे जुना आहे. १८११ साली चार्ल्स लॅम्बने लिहून टाकलं, की लिअर हे रंगभूमीवर करून दाखवण्याचं नाटकच नव्हे. नाट्यगृहात दिसतो तो पावसात भटकणारा एक केविलवाणा म्हातारा, खरा लिअर वाचणाऱ्यालाच भेटतो. पण त्या काळी रंगभूमीवर जे चालत असे ते लिअर होतं तरी कुठलं? नेहम टेट नावाच्या कवीने १६८१ साली शेवट बदलून टाकला होता. त्यात लिअर जगतो, कॉर्डेलियाचं एडगरशी जमतं, आणि विदूषक तर नाहीच. जवळजवळ दीडशे वर्षं इंग्रजांनी हे गोड लिअर पाहिलं. विदूषक परत आला तो १८३८ साली, मॅक्रीडीच्या प्रयोगात. तोवर ज्याला अस्सल लिअर हवं असेल त्याला पुस्तकच उघडावं लागे. आणि पुस्तक काही सौम्य नव्हतं. डॉ. जॉन्सनने १७६५ च्या आपल्या आवृत्तीत सांगून ठेवलंय, की कॉर्डेलियाच्या मृत्यूने तो इतका हादरला होता, की संपादनाचं काम अंगावर येईपर्यंत शेवटचे प्रवेश त्याने पुन्हा वाचलेच नाहीत.

याच्या उलट बाजूचाही पुरावा आहे. तिसरा जॉर्ज राजा भ्रमिष्ट झाला होता तेव्हा, १८११ ते १८२० या काळात, लंडनच्या रंगभूमीवर लिअर झालं नाही. वेड लागलेला राजा चारचौघांत उभा करणं नको वाटलं. पुस्तक मात्र लोकांच्या कपाटांत होतंच. त्याची कुणाला धास्ती वाटली नाही.

धास्ती कसली, ते प्रयोग पाहताना कळतं. टायट्रेशन करताना ब्युरेटची तोटी आपल्या हातात असते. थेंब थेंब सोडायचं, वाटलं की थांबायचं. वाचन तसं आहे. नको झालं की खूण घालून चहा टाकता येतो. नाट्यगृहात तोटी दुसऱ्याच्या हातात. शिवाय कागदावर जो बोलत नाही तो नाहीसा होतो. वाचताना बेलवलकरांचं लांबलचक बोलणं सुरू झालं की कावेरी माझ्या डोळ्यांसमोरून पुसलीच जाते, कारण पानावर तिचं नाव नसतं. प्रयोगात ती तिथेच बाजूला असते, ऐकत. आणि आपली नजर नवऱ्याला सोडून तिच्याकडे जाते. वाचकाच्या मनातला आवाजही बहुधा एकाच पट्टीतला. वादळात लिअर ओरडतो, असंच मी वाचत आलो होतो. लंडनच्या डॉनमार वेअरहाउसमध्ये २०१० साली डेरेक जॅकोबींनी ते वादळाचं भाषण कुजबुजत म्हटलं. गडगडाट एकदम बंद, आणि त्या शांततेत म्हाताऱ्याचा आवाज. आता ती पानं मला मोठ्या आवाजात वाचताच येत नाहीत.

विदूषकाचंही तसंच. तिसऱ्या अंकानंतर तो पुन्हा येत नाही आणि त्याचं काय झालं ते शेक्सपिअर सांगत नाही. वाचणारा तसाच पुढे जातो, दिग्दर्शकाला काहीतरी ठरवावं लागतं. २०१४ साली नॅशनल थिएटरमधल्या सॅम मेंडिसच्या प्रयोगात सायमन रसेल बील यांचा लिअर भ्रमाच्या भरात स्वतःच विदूषकाला मारून टाकतो. बील यांनी या भूमिकेसाठी म्हातारपणच्या डिमेन्शियाचा, त्यातल्या ल्युई बॉडी प्रकाराचा अभ्यास केला होता. घरात असा आजार पाहिलेल्यांना हे पाहणं जड जावं.

इतकं असूनही मी वाचनाचा आग्रह धरतो, त्याचं कारण बेलवलकर. चांगला नट हा माणूस उभा करतो तेव्हा पहिल्या भाषणातच आपण त्याचे होऊन जातो. तो आवाज, ते हसणं, कावेरीला ‘सरकार’ म्हणणं! मग सून शारदा तोंड उघडण्याआधीच गुन्हेगार ठरते. रुमाल निघतात ते बापासाठी. तोच मजकूर घरी, नटाशिवाय वाचून पाहा. सगळं देऊन टाकू नका, असं कावेरी सुरुवातीलाच सांगते आणि बेलवलकर ऐकत नाहीत. टाळ्यांच्या गजरात हे निसटून जातं. नातीवरून खटके उडतात तेव्हा सुनेच्या बोलण्यात तिरसटपणा आहे, तसं तथ्यही आहे.

एका हिवाळ्यात आम्ही सात-आठ जणांनी एका घरी जमून ते मोठ्याने वाचलं. भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटल्या. शारदा जिच्या वाट्याला आली, तिचे सासू-सासरे नुकतेच सहा महिने राहून परत गेले होते. वाचता वाचता ती थांबली आणि म्हणाली, ‘हिचं चुकलं काय, सांगा ना. घरात लहान मूल आहे, आणि आजोबांना कुणी काही म्हणायचंच नाही?’ कुणी हसलं नाही. मग अर्धा तास नाटक बाजूलाच राहिलं. टीव्हीचा आवाज, हीटिंग किती वेळ चालू ठेवायचं, नातवंडांशी मराठी बोलायचं की इंग्रजी, असं एकेक निघत गेलं.

प्रयोगात हे जमतच नाही असं मात्र नव्हे. १९६२ साली स्ट्रॅटफर्डला पीटर ब्रूकने पॉल स्कोफील्डना घेऊन लिअर केलं, त्यात राजाबरोबरचे सरदार मुलीच्या घरात टेबलं उलथून धुमाकूळ घालतात. गॉनरिलची तक्रार तिथे रास्त वाटू लागते. ब्रूकने ती पदरची घातली नव्हती, शेक्सपिअरनेच लिहून ठेवली आहे. शारदेला इतका न्याय देणारा ‘नटसम्राट’चा प्रयोग मी तरी पाहिलेला नाही. कुणीतरी करायला हवा.

आता आपल्याकडे येऊ. आपण डोळे पुसतो बेलवलकरांसाठी, पण आपली जागा त्यांच्या मुलांची आहे. नाशिकला, सांगलीला, डोंबिवलीला दोन माणसं फ्लॅटमध्ये राहतात आणि रविवारी सकाळी फोनच्या पडद्यावर दिसतात. ९ जुलै २०१२ पासून इथल्या नियमांनी आईवडिलांना कायमचं आणणं जवळजवळ अशक्य करून ठेवलं आहे. वय, आजार किंवा अपंगत्वामुळे रोजच्या साध्या कामांनाही त्यांना दुसऱ्याची मदत लागत असली पाहिजे, आणि आपण इथून पैसे पाठवूनही ती मदत तिकडे मिळत नाही किंवा परवडत नाही, हे सिद्ध करावं लागतं. पुण्यात पैसे मोजले की बाई मिळते, हे व्हिसा अधिकाऱ्यालाही ठाऊक आहे. भेटीला आले तर एका वेळी साधारण सहा महिने. म्हणजे नको म्हणायचं काम आपल्या घरात कुणाला करावंच लागत नाही, ते सरकार करतं. आणि खरं सांगायचं तर, नियम आहे तेच बरं, असंही कधी मनात येऊन जातं. प्रेक्षागृहाच्या अंधारात मला हा विचार कधी आला नाही; तिथे सगळे रडत असतात, त्यांच्याबरोबर आपणही. पुस्तक वाचताना आला, आणि बराच वेळ पान उलटलं नाही.

वाचायचं तर चार घरांनी मिळून, भूमिका वाटून, मोठ्याने वाचा. बूटपॉलिशवाल्या राजाचं काम मुलांपैकी कुणाला तरी द्या. मराठी लिपी येत नसेल तर आदल्या दिवशी पाठ करून घ्यावं. मंडळाच्या पुस्तकपेटीत ‘नटसम्राट’च्या दोन प्रती आहेत, त्यांतल्या एकीची शेवटची पानं सुटली आहेत, तेव्हा जपून. ‘राजा लिअर’ एकच आहे. भारतात जाणाऱ्यांनी आणखी एक-दोन प्रती आणल्या तर तिघांना एका पुस्तकात डोकं घालावं लागणार नाही. आणि पुढच्या वेळी शारदा एखाद्या काकांनी वाचावी, अशी सूचना आलेली आहे. अजून कुणी नाव दिलेलं नाही.