इमॅजिकाला जाताय? ॲक्शन कॅमेऱ्याची तयारी घरीच करून निघा

हे आजच्या भागाचं लिखित रूप. भाग बसमध्ये उभं राहून ऐकला आणि नंतर "ते सेटिंग नक्की काय होतं?" असा प्रश्न पडला, अशा सगळ्यांसाठी. शेवटी यादी आहे, ती फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

पुण्याहून एक्स्प्रेसवेनं निघालं, बोरघाट उतरला की खोपोलीजवळ इमॅजिका. २०१३ साली थीम पार्क सुरू झालं, पुढच्या वर्षी शेजारी वॉटर पार्क आलं, आणि तेव्हापासून पुण्यातल्या घरांसाठी ही हक्काची एका दिवसाची सहल झाली. आजी-आजोबा, काका-काकू, मावशीची दोन पोरं, सगळे एका मोठ्या गाडीत. आणि घरातला जो कोणी "कॉम्प्युटरवाला" असतो, त्याच्या हातात ॲक्शन कॅमेरा. स्वतःचा, मित्राकडून आणलेला, नाहीतर भाड्यानं घेतलेला.

मग होतं काय? कॅमेरा घेतलेला असतो रोलर कोस्टरसाठी, आणि नेमका तिथंच तो चालत नाही. दुपारी बॅटरी संपते, संध्याकाळी कार्ड भरतं, आणि घरी आल्यावर कळतं की ज्याच्या हातात कॅमेरा होता तो एकाही व्हिडिओत नाही. हे सगळं आदल्या दिवशी अर्धा तास दिला तर टळतं. पण आधी एक गोष्ट स्पष्ट करू.

मोठ्या राइडवर कॅमेरा नाही. का?

इमॅजिकातली नायट्रो ही फ्लोअरलेस कोस्टर आहे, म्हणजे पायाखाली फळी नाही, पाय हवेत लोंबकळत असतात. उंची साधारण ४० मीटर, वेग ताशी १०५ किलोमीटरच्या आसपास. अशा राइडवर सुटी वस्तू न्यायची नाही, हा नियम जगभरातल्या पार्कांत असतो. आपल्याला वाटतं, कॅमेरा पडून फुटू नये म्हणून सांगत असतील. तसं नाहीये.

हिशोब करू. क्रिकेटच्या चेंडूचं वजन साधारण १६० ग्रॅम. बॅटरी आणि माउंटसकट ॲक्शन कॅमेऱ्याचं वजनही जवळपास तेवढंच. तुमच्या हातातून कॅमेरा सुटला की तो तिथल्या तिथे थांबत नाही, सुटताना तुमचा जो वेग होता तोच घेऊन पुढे जातो. म्हणजे ताशी १०५ किलोमीटरनं टाकलेला, टोकदार कोपऱ्यांचा चेंडू. समोरच्या माणसाकडे बॅट नाही, हेल्मेट नाही आणि चेंडू येतोय याची कल्पनाही नाही. अगदी वरून, वेग कमी असताना सुटला तरी हवेचा विरोध सोडला तर ४० मीटर खाली येईपर्यंत तो ताशी १०० किलोमीटरला पोहोचतो. खाली उभं कोण असतं? राइडवर न बसलेली माणसं. बहुतेक वेळा आपलेच आई-बाबा.

"पण माझा छातीला पट्ट्यानं घट्ट बांधलाय," असं हमखास कोणीतरी म्हणतं. अशा राइडवर खांद्यावरून येणारा जो जाड बार असतो, तो छातीवरच बसतो. मध्ये कॅमेरा आला तर बार नीट बसत नाही, किंवा झटक्याला कॅमेराच बरगडीत रुततो. शिवाय माउंटची क्लिप असते प्लॅस्टिकची. म्हणून राइडच्या दारावरचा बोर्ड वाचा, तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा, आणि तो "नाही" म्हणाला की हुज्जत घालू नका. कॅमेरा लॉकरमध्ये, किंवा खाली थांबलेल्या माणसाच्या हातात.

आणि खरं सांगायचं तर नुकसान काहीच नाही. कोस्टरवरून दिसणाऱ्या दृश्याचे व्हिडिओ इंटरनेटवर पोत्यानं पडलेत. तुमच्या मावसभावाचा राइडवरून उतरतानाचा पांढराफटक चेहरा मात्र कुठेच मिळणार नाही. तो खालून आणि बाहेर येण्याच्या वाटेवर मिळतो. तेव्हा कॅमेरा राइडसाठी तयार करायचा नाही, माणसांसाठी करायचा. रांग, लहान मुलांचं कॅरोसेल, जेवणाचं टेबल, वॉटर पार्कातला उथळ तलाव, परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर झोपलेली फौज. पुढची सगळी सेटिंग्ज याच हिशोबानं.

कार्ड: आकडे बघून घ्या

फोरके व्हिडिओ बऱ्याच कॅमेऱ्यांत सेकंदाला १०० मेगाबिटच्या आसपास डेटा लिहितो. आठ बिटचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट. मिनिटाला ७५० मेगाबाइट, तासाला ४५ जीबी. ६४ जीबीच्या कार्डात पुरता दीड तासही मावत नाही. १२८ जीबीचं घेतलंत तर दिवस निघतो.

कार्डावर "व्ही३०" लिहिलेलं बघा. याचा अर्थ कार्ड सलग लिहिताना सेकंदाला किमान ३० मेगाबाइटचा वेग धरून ठेवतं. पुडक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला १५०-२०० चा आकडा बहुतेक वेळा वाचण्याचा वेग असतो, लिहिण्याचा नाही. कॅमेऱ्याला गरज लिहिण्याची आहे.

बाजारात नकली कार्डं खूप आहेत. वर १२८ लिहिलेलं असतं, आत असतं १६ किंवा ३२. कार्ड "हो, लिहिलं" म्हणत राहतं आणि पुढचा डेटा हवेत जातो. नवीन कार्ड एकदा पूर्ण भरून तपासा. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफथ्री ही मोफत टूल्स हेच काम करतात. वेळ लागतो, म्हणून रात्री लावून झोपा. तपासून झालं की कार्ड लॅपटॉपवर नाही, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. त्याला हवी तशी फोल्डरं तो स्वतः बनवून घेतो.

आणि फर्मवेअर अपडेट? आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांचा नियम इथेही लागू: शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉयमेंट नाही. अपडेट चार दिवस आधी करा, मग दोन दिवस कॅमेरा वापरून बघा. पार्किंगमध्ये उभं राहून तर अजिबात नको.

सेटिंग: चारच गोष्टी

पहिली, ५० हर्ट्झ. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. कॅमेरा अमेरिकन पद्धतीच्या ६० हर्ट्झवर, म्हणजे ३० किंवा ६० फ्रेमवर असेल तर फूड कोर्टमध्ये आणि दुकानांत व्हिडिओवर काळसर पट्टे सरकताना दिसतात. मेनूमध्ये अँटी-फ्लिकर किंवा पाल नावाचं सेटिंग असतं, तिथे ५० निवडा. मग फ्रेम रेट २५ आणि ५० असे दिसतील. तेच बरोबर.

दुसरी, रिझोल्यूशन. हे व्हिडिओ शेवटी बघितले जाणार कुठे? घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. दिवसभरासाठी १०८०पी आणि ५० फ्रेम पुरेसं. हवं तर ठरावीक चार-पाच प्रसंगांसाठी फोरके. पाण्याचा फवारा उडणार असेल तिथे १०८०पी १०० फ्रेमवर घ्या, नंतर २५ फ्रेमवर चालवला की चारपट हळू दिसतो.

तिसरी, स्टॅबिलायझेशन. बाहेर उन्हात चालू ठेवा. पण सलीमगढसारख्या अंधाऱ्या ठिकाणी त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. हे तंत्र प्रत्येक फ्रेम थोडी सरकवून, कडा कापून, मागच्या फ्रेमशी जुळवतं. अंधारात मात्र शटर जास्त वेळ उघडं राहतं, आणि त्या वेळात हात हलला की प्रकाश एकाच फ्रेमच्या आत पसरतो. फ्रेम सरकवता येते, पसरलेला प्रकाश गोळा करता येत नाही. अशा ठिकाणी कॅमेरा बंद करा. इतरांच्या डोळ्यात तुमची स्क्रीनही चमकणार नाही.

चौथी, तारीख आणि वेळ. बॅटरी बरेच दिवस बाहेर काढून ठेवली असेल तर घड्याळ चुकलेलं असू शकतं. मग सगळे व्हिडिओ फोनमधल्या फोटोंच्या मध्ये न येता कुठल्यातरी जुन्या सालात जाऊन बसतात.

बॅटरी आणि ऊन

एक बॅटरी सलग रेकॉर्डिंगला साधारण तास-दीड तास. दिवसभरासाठी दोन बॅटऱ्या हव्यात, तीन असतील तर उत्तम. वायफाय आणि जीपीएस बंद, स्क्रीन ३० सेकंदांनी आपोआप बंद, आणि व्हॉइस कमांड बंद. नाहीतर रांगेतल्या गोंगाटात कॅमेरा आपोआप चालू होतो.

या कॅमेऱ्यांत पंखा नसतो. वाऱ्यानं थंड व्हायचं, अशी त्यांची रचना. सायकलवर चालतं, पण मे महिन्याच्या उन्हात एका जागी ठेवून फोरके लावलं तर तापून बंद पडतात. छोटे-छोटे तुकडे घ्या, २०-३० सेकंदांचे. बॅटरी वाचते, कॅमेरा थंड राहतो, आणि बघणाराही कंटाळत नाही.

वॉटर पार्क: रबराची ती बारीक कड

"१० मीटरपर्यंत वॉटरप्रूफ" असं लिहिलेलं असतं, ते बॅटरीचं झाकण पूर्ण बंद असताना. पाणी अडवते ती झाकणाच्या आतली रबराची बारीक कड. तिच्यावर एक केस किंवा वाळूचा कण आला तरी पाणी आत जातं. घरी चांगल्या उजेडात ती कड पुसून घ्या. वॉटर पार्कात शिरण्याआधीच, हात कोरडे असताना, भरलेली बॅटरी घाला आणि बाहेर येईपर्यंत झाकण उघडू नका. पॉवर बँकची वायर लावलेला कॅमेरा वॉटरप्रूफ नसतो, हे तर अजिबात विसरू नका.

वेगळी केस वापरत असाल तर आदल्या दिवशी कॅमेरा न घालता, आत टिश्यू पेपर ठेवून, केस अर्धा तास बादलीत बुडवा. पेपर कोरडा राहिला तर केस चांगली.

ॲक्शन कॅमेरा तरंगत नाही, दगडासारखा खाली जातो. केशरी रंगाचं तरंगणारं हँडल किंवा मनगटाची दोरी लावा. स्लाइडवर मात्र इथेही तोच नियम: हातात काही नाही. घरी आल्यावर झाकण बंद ठेवूनच साध्या पाण्यानं धुवा, म्हणजे क्लोरीन निघून जाईल.

पावसाळ्यात जात असाल तर काचेवरची वाफ हा वेगळा ताप. गाडीच्या एसीत गार झालेला कॅमेरा खोपोलीच्या दमट हवेत काढला की काचेवर लगेच दव धरतं. पोचण्याआधी दहा-पंधरा मिनिटं तो एसीच्या झोतापासून दूर, बॅगेत ठेवा. केसच्या आत सिलिका जेलची पुडी टाका.

आणखी एक. वॉटर पार्कात आजूबाजूला इतरांच्या आई-बहिणी, लहान मुलं असतात. रुंद लेन्समध्ये आपल्या नकळत सगळे येतात. लेन्सचं सेटिंग "लिनिअर" ठेवा, म्हणजे चौकट थोडी लहान होते. जवळून, आपल्याच माणसांवर रोखून घ्या. कपडे बदलायच्या जागेच्या आसपास कॅमेरा बॅगेत, चेन बंद.

कॅमेरा कोणाच्या हातात?

सगळ्या तयारीत हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि याला पैसे लागत नाहीत. गाडीतच ठरवा: प्रत्येक राइडनंतर कॅमेरा हात बदलणार. आठ वर्षांच्या भाचीच्या छातीला लावला तर जग तिच्या उंचीवरून दिसतं. आजी मोठ्या राइडवर बसणार नाहीत, तेव्हा त्या वेळी कॅमेरा त्यांच्याकडे. त्यांना एकच बटण शिकवा: दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. बऱ्याच कॅमेऱ्यांत बंद असताना रेकॉर्डचं बटण दाबलं की थेट रेकॉर्डिंग सुरू होतं, ते सेटिंग चालू करून द्या. नायट्रोखालून आजींनी घेतलेल्या व्हिडिओत चौकट वाकडी असेल, अर्ध्यात बोट आलेलं असेल. पण "अगंबाई, तो बघ आपला!" हा आवाज त्यात असेल. मायक्रोफोनचं भोक टेपनं झाकलेलं नाही, एवढं बघा.

रात्री

घरी पोचलात, दमलात, तरी कार्ड लॅपटॉपला लावून कॉपी चालू करून झोपा. दुसरी प्रत हार्ड डिस्कवर किंवा क्लाउडवर. दोन प्रती होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही. कॅमेरा भाड्याचा असेल तर कार्ड स्वतःचं वापरा आणि परत देताना काढून घ्या.

व्हिडिओ काकांच्या जुन्या फोनवर चालत नसेल तर तो बहुतेक एचईव्हीसी प्रकारात असतो. पाठवण्याआधी एच.२६४ मध्ये बदला, किंवा कॅमेऱ्यात तो पर्याय असेल तर आधीच निवडा.

यादी

चार दिवस आधी: फर्मवेअर, कार्डाची तपासणी.
आदल्या दिवशी: कार्ड फॉरमॅट, सगळ्या बॅटऱ्या चार्ज, ५० हर्ट्झ, तारीख-वेळ, रबराची कड, केसची बादलीत चाचणी. मग एक मिनिटाचा व्हिडिओ घेऊन लॅपटॉपवर आवाजासकट बघा.
बॅगेत: जास्तीच्या बॅटऱ्या, मऊ कापड, तरंगणारं हँडल, मनगटाची दोरी, सिलिका जेल, झिप असलेली प्लॅस्टिकची पिशवी. सेल्फी स्टिक नेण्याआधी पार्कचे नियम वाचा.
पार्कात: राइडवर कॅमेरा नाही, छोटे तुकडे, प्रत्येक राइडनंतर हात बदल.
रात्री: दोन प्रती.

एवढं केलंत की दिवसभर कॅमेऱ्याची काळजी करायची गरज नाही, आणि तुम्हीही मजा करायला मोकळे. काही शंका असतील तर नेहमीसारख्या कळवा. भेटू पुढच्या भागात!