बटण कुणी दाबायचं?

पोटाचं मोठं ऑपरेशन झालेल्या आमच्या शेजारणीच्या हातात वेदनाशामक पंपाचं बटण होतं, तरी ती रात्रभर कण्हत राहिली, एकदाही तिने ते दाबलं नाही. का, ते कळेना. म्हणून वसईतल्याच दुसऱ्या एका रुग्णालयात परवानगी काढून रात्रपाळीला जाऊन बसले.

पलंगाशेजारी कुलूपबंद पंप, आत मॉर्फिन, नळी थेट शिरेत. बटण दाबलं की १ मिलिग्रॅम औषध जातं. पुढची ८ मिनिटं कितीही दाबा, पंप ढिम्म. ही मात्रा भूलतज्ज्ञ ठरवून देतात.

सिस्टर फेरीला येत. दुखणं दहात किती, मिनिटाला श्वास किती, सगळं लिहीत. पण त्यांची नजर पेशंटच्या डोळ्यांवर. "श्वास मंदावतो त्याआधी बहुतेक गुंगी चढते," त्या म्हणाल्या. ट्रॉलीत उताऱ्याचं नॅलोक्सोन तयारच. गुंगीतला माणूस बटण दाबत नाही, म्हणून जास्तीचं औषध जात नाही. दुसऱ्याने दाबलं की हा हिशेबच मोडतो. निर्मळच्या एका आजी झोपलेल्या पाहून त्यांचा मुलगा मायेने बटणाकडे वळला, तर सिस्टरांनी त्याचा हातच धरला. "दादा, दुखलं तर त्याच दाबतील."

आजी मात्र जागेपणीही दाबत नव्हत्या. खोकला आला की टाके धरून दात आवळायच्या.

"आजी, दहात किती?"

"आठ असेल."

"मग दाबा की!"

"सवय लागली म्हणजे गो?"

दोन-तीन दिवस देखरेखीखाली घेतलेल्या औषधाने व्यसन लागण्याचा धोका फार कमी. दुखतं म्हणून खोकायचं टाळलं, तर छातीत कफ साचून न्यूमोनियाचा धोका. सिस्टरांनी हे तिसऱ्यांदा समजावलं, तेव्हा कुठे आजींचा अंगठा हलला. मग पुन्हा ती ८ मिनिटं.

मॉर्फिनचं कपाट दुहेरी कुलपात. रिकामी ॲम्प्यूलसुद्धा रजिस्टरवर सही करून परत. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांचं जंजाळ इतकं वाढलं, की कित्येक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त रुग्णालयांची वाट सोपी केली, धास्ती मात्र तशीच. अमेरिकेत अशा वेदनाशामकांच्या सढळ चिठ्ठ्यांनी हाहाकार माजवला, हे खरं. आपला रोग उलटा: नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफू, म्हणजे मॉर्फिनचा कच्चा माल, पिकते आणि इथे पेशंट दात आवळून पडतो. सोसण्याचं आपल्याला भारी कौतुक!

घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं, तर भूलतज्ज्ञांना आधीच विचारा, नंतरचं दुखणं कसं आवरणार? पंप मिळाला, तर बटण पेशंटच्याच हातात राहू द्या, आणि दुखलं की दाबायला सांगा.