एका अणूच्या चुंबकत्वाचा वेध

धातू थंड केला की त्याचा विद्युतरोध कमी होतो, हा सर्वपरिचित नियम. मात्र सोन्यासारख्या धातूत चुंबकीय अणूंची अत्यल्प भेसळ असेल, तर ठराविक तापमानाखाली रोध पुन्हा वाढू लागतो. १९३० च्या दशकात आढळलेल्या या विसंगतीची उकल जपानी भौतिकशास्त्रज्ञ जुन कोंडो यांनी १९६४ मध्ये केली. प्रत्येक इलेक्ट्रॉनला 'स्पिन' हा अंगभूत गुणधर्म असून त्यामुळे तो अतिसूक्ष्म चुंबकासारखा वागतो. धातूतील मुक्त इलेक्ट्रॉनांचे स्पिन भेसळीच्या अणूच्या स्पिनशी गुंततात, इलेक्ट्रॉनांचे विखुरणे वाढते आणि रोधही वाढतो. अतिशीत अवस्थेत हे इलेक्ट्रॉन अणूभोवती जणू कवच उभारून त्याचे चुंबकत्व झाकतात.

हे कवच एकेका अणूपाशी तपासता आले ते स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपमुळे. गेर्ड बिनिग व हाइनरिख रोरर यांनी १९८१ मध्ये झुरिकजवळील आयबीएमच्या प्रयोगशाळेत तो साकारला. १९८६ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. यातील धातूची सुई पृष्ठभागाला न टेकता त्याच्या अगदी जवळून फिरते आणि मधली पोकळी इलेक्ट्रॉन पुंजभौतिकीच्या नियमांनुसार ओलांडतात. अंतर ०.१ नॅनोमीटरने वाढले, तरी प्रवाह सुमारे दहापट घटतो. म्हणूनच एकेका अणूचा उंचवटा टिपता येतो.

सुई एका अणूवर स्थिर ठेवून व्होल्टेज किंचित बदलत गेल्यास तेथील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा आलेख मिळतो. १९९८ मध्ये सोन्यावरील कोबाल्ट आणि चांदीवरील सेरियमच्या अणूंपाशी या आलेखात शून्य व्होल्टेजजवळ खळगा आढळला. हीच कोंडो परिणामाची खूण. २००० मध्ये कॅलिफोर्नियातील आयबीएमच्या संशोधकांनी तांब्यावर कोबाल्टच्या अणूंचे लंबवर्तुळाकार कुंपण रचले. आत एका नाभीवर कोबाल्टचा अणू ठेवताच दुसऱ्या, रिकाम्या नाभीवरही त्याच खळग्याची फिकट प्रतिमा उमटली.

साध्या सुईला मात्र स्पिनची दिशा कळत नाही. त्यासाठी सुईचे टोक चुंबकीय पदार्थाचे असावे लागते. टोक व नमुना यांच्या स्पिनच्या दिशा जुळतात की परस्परविरुद्ध आहेत, यानुसार प्रवाह बदलतो.

याचे महत्त्व माहिती साठवणुकीत आहे. हार्ड डिस्कवरील प्रत्येक नोंद म्हणजे चुंबकीय कणांचा समूह. २०१२ मध्ये अतिशीत तापमानात लोहाच्या अवघ्या १२ अणूंवर अशी एक नोंद ठेवता आली. तापमान वाढले की एवढ्या लहान चुंबकाची दिशा टिकत नाही. सामान्य तापमानात ती टिकवणे, हीच खरी कसोटी आहे.