नक्कल की झरोका?

फळ्यावर दहा विद्यार्थ्यांचे गुण ओळीने लिहू या : ६२, ४८, ७१, ३३, ३१, ३४, ५५, ८०, ४५, ६७. उत्तीर्ण होण्यास ३५ गुण हवेत. नापास झालेल्या तिघांना प्रत्येकी ४ गुण वाढवून द्यायचे ठरले. हे दोन रीतींनी करता येईल. ते तीन आकडे कागदावर उतरवून तेथे वाढवायचे. किंवा पुठ्ठ्याला तीन आकड्यांएवढी खिडकी कापून तो फळ्यावर धरायचा आणि खिडकीतून फळ्यावरच दुरुस्ती करायची. पहिल्या रीतीत कागदावर ३७, ३५, ३८ येतील. फळ्यावर मात्र तिघे नापासच राहतील!

संगणकाच्या आज्ञावलीतही हाच फरक असतो. स्काला ही भाषा घेऊ. मार्टिन ओडर्स्की यांनी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे तिची आखणी केली. २००४ मध्ये ती प्रथम उपलब्ध झाली. तिच्यात आपली ओळ ही एक क्रमिका होते. तिच्यातील कोणताही आकडा स्थान सांगून वाचता आणि बदलता येतो. स्थाने ० पासून मोजतात, म्हणून ३३ चे स्थान ३. आपला तुकडा 'स्लाइस(३, ६)' असा मागायचा. त्यात ६ वे स्थान येत नाही, म्हणून ६ – ३ = ३ आकडे मिळतात.

असा तुकडा म्हणजे नक्कल. त्याऐवजी आधी 'व्ह्यू' मागितला, तर मिळतो झरोका. तो आकडे साठवत नाही; मूळ क्रमिका कोणती आणि तुकडा कोठून कोठपर्यंत, एवढेच लक्षात ठेवतो. लाखो आकडे असले तरी त्याला जागा लागते ती नाममात्र. झरोक्याला 'दुप्पट कर' म्हटले तरी तो लगेच गणित करत नाही. आकडा मागितला की करतो. दोनदा मागितला तर दोनदा करतो.

स्कालाच्या २.८ ते २.१२ या आवृत्त्यांत अशा झरोक्यातून मूळ आकडे बदलताही येत. २०१९ मधील २.१३ पासून झरोका केवळ पाहण्यापुरता राहिला. बदल करायचा तर मूळ क्रमिकेतच स्थान सांगून करावा लागतो.

पण फळा बदलला की खिडकीतले दृश्यही बदलते, हे विसरून चालणार नाही. 'गुणवाढीपूर्वीचे गुण' म्हणून आपण झरोका जपून ठेवला आणि मग मूळ गुण वाढवले, तर झरोक्यात ३७, ३५, ३८ दिसतील. जुने आकडे कायमचे गेले! जुनी नोंद हवी असेल तर नक्कलच करावी. नुसते पाहायचे असेल तर झरोका पुरे.

खडू आणि पुठ्ठा घेऊन हा प्रयोग वर्गात जरूर करून पाहा. संगणक नसला तरी चालेल.