केमिस्ट्रीचे गज्जर सर

मेसच्या आमटीचा थेंब पांढऱ्या शर्टावर पडला आणि घाईघाईने साबण लावला, की डाग जायचा सोडून लालभडक होतो. हॉस्टेलवर राहणाऱ्या प्रत्येकाने हे बघितलं असणारच. हळदीत कर्क्युमिन नावाचा पदार्थ असतो. एरवी तो पिवळा असतो, पण साबणाच्या पाण्यासारखं काही अल्कलाइन लागलं की तांबूस होतो. वर लिंबू पिळा, परत पिवळा! लिटमस पेपरचंच काम, फक्त हा लिटमस आपल्या सांगलीच्या बाजारात पोत्यांनी विकला जातो.

पण आपल्याकडे केमिस्ट्री म्हणजे काय? फर्स्ट इयरला पाण्याचा हार्डनेस काढायचा, ईडीटीए टाकत राहायचं, वाईन रेडचा निळा झाला की रीडिंग लिहायचं (किंवा शेजारच्याचं बघायचं), जर्नलवर सही घ्यायची आणि विषय सुटला म्हणून पार्टी करायची. मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरवाल्यांना तर हा विषय सिलॅबसमध्ये का आहे हेच कळत नाही. म्हणून आज एका केमिस्ट्रीच्या सरांबद्दल लिहिते. त्यांनी हा विषय जर्नलमधून बाहेर काढून लोकांच्या हातात दिला. त्यांचं नाव त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर.

गज्जर सर मूळचे सुरतचे, जन्म १८६३ चा. मुंबई विद्यापीठातून केमिस्ट्री शिकले आणि १८८६ च्या सुमारास बडोदा कॉलेजात प्रोफेसर झाले. बडोद्यात तेव्हा सयाजीराव गायकवाड यांचं राज्य होतं. सरांनी वर्गात फळ्यावर इक्वेशन लिहून पगार घेतला असता तरी कोणी काही म्हटलं नसतं. पण त्यांची नजर होती रंगाऱ्यांवर.

रंगाऱ्यांवर का, ते समजायला थोडी मागची गोष्ट सांगावी लागेल. कापडाला रंग देणं म्हणजे नुसतं रंगात बुडवणं नव्हे. हळदीसारखा रंग सुती कापडाला सरळ धरतो, पण उन्हात लवकर उडतो. मंजिष्ठाच्या कुळातल्या मुळांचा लाल रंग टिकतो, मात्र कापडाला आधी तुरटी द्यावी लागते. तुरटीतलं ॲल्युमिनियम एका हाताने धाग्याला धरतं आणि दुसऱ्या हाताने रंगाला, म्हणून तिला रंगबंधक म्हणतात. आपल्या रंगाऱ्यांना हे पिढ्यान् पिढ्या हाताने माहीत होतं.

मग १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा मुलगा क्विनीन बनवायला गेला आणि त्याला मिळाला जांभळा रंग. वय वर्षे अठरा, म्हणजे आपल्या ज्युनिअर्सपेक्षाही लहान! १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन केमिस्टनी मंजिष्ठाच्या कुळातला लाल रंग प्रयोगशाळेत बनवला. १८९७ मध्ये जर्मन कंपनीची कृत्रिम नीळ बाजारात आली. शेतात पिकणारा रंग आता कोळशाच्या डांबरापासून बनायला लागला, स्वस्त आणि दर वेळी अगदी एकाच छटेचा. आपल्या रंगाऱ्याच्या हातात आलेला हा परदेशी रंग वापरायचा कसा, किती गरम पाण्यात, कोणत्या क्षाराबरोबर, हे त्याला सांगणार कोण? आजोबांची रीत इथे चालत नव्हती आणि कॉलेजातलं ज्ञान इंग्रजीत बंद होतं.

गज्जर सरांनी सयाजीरावांपुढे कल्पना मांडली आणि १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू झालं. सर त्याचे पहिले प्राचार्य. रंगाई आणि केमिकल टेक्नॉलॉजी, मेकॅनिकल, बांधकाम, चित्रकला असे विभाग होते. रंगाई शिकवायला जर्मन तज्ज्ञ आणले, कारण नवे रंग जिथून येतात तिथलाच माणूस ते नीट शिकवणार, असा सरळ हिशोब. आणि सरांचा हट्ट असा, की शिक्षण मातृभाषेतून झालं पाहिजे.

इथे थोडं माझं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे ‘मूलद्रव्य’ आणि ‘संयुग’ या शब्दांपाशी मी अजून अडखळते. माझी रूममेट मराठी शाळेतली. तिला ‘संपृक्त द्रावण’ लगेच समजतं आणि ‘सॅच्युरेटेड’ ऐकलं की तिच्या कपाळाला आठ्या पडतात. परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही शब्दांची देवाणघेवाण करतो. पण मीठ पाण्यात किती विरघळतं हे दोघींनाही चहात साखर टाकूनच कळलेलं आहे. माझं मत विचाराल तर ज्याला उद्या भट्टीसमोर उभं राहायचं आहे, त्याला त्याच्या भाषेत शिकवणं हेच बरोबर. इंग्रजी नंतर येईल, हात भाजल्यावर इंग्रजी काय कामाचं?

आणि असा विचार करणारे गज्जर सर एकटे नव्हते. आपल्या शेजारी कोल्हापूरला राजाराम कॉलेजात बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७–१९०६) सायन्स शिकवत होते. त्यांनी त्या काळात रसायनशास्त्रावर चक्क मराठीतून पुस्तकं लिहिली. आष्ट्यातून आपण सिनेमाला कोल्हापूरला जातो, पण हे नाव किती जणांनी ऐकलंय?

सिनेमावरून आठवलं. कलाभवनात धुंडिराज गोविंद फाळके नावाचा एक नाशिककडचा विद्यार्थी होता. त्याला फोटोग्राफीचं वेड. तेव्हा फोटो म्हणजे पूर्ण केमिस्ट्रीच, चांदीचे क्षार उजेडात काळे पडतात त्यावर सगळा खेळ. गज्जर सरांनी त्याला कलाभवनाचा फोटो स्टुडिओ आणि लॅब वापरायची मोकळीक दिली. (आपल्याकडे पाच वाजले की लॅबला कुलूप. असो.) याच फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. दादासाहेब फाळके घडले ते काही एका लॅबमुळे नाही. पण विद्यार्थ्याचं वेड ओळखून दार उघडं ठेवणारे सर त्यांना भेटले होते, एवढं नक्की.

१८९६ च्या सुमारास सर बडोदे सोडून मुंबईला आले आणि गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात केमिस्ट्री शिकवू लागले. त्याच वर्षी मुंबईत एक प्रकार घडला. व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला कोणीतरी डांबर फासलं आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. ते काम दामोदर चापेकरांचं होतं, हे पुढे उघड झालं. सरकारने डांबर काढायची खूप खटपट केली, पण तज्ज्ञांना जमेना.

का जमेना, हे आपल्या सिलॅबसमधूनच कळतं बघा. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर ॲसिड टाकलं तर फसफसून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि दगडच झिजतो, म्हणजे डाग जाईल पण राणीचं नाकही जाईल. डांबर पाण्यात विरघळत नाही. घासून काढावं तर पॉलिश जातं. शिवाय संगमरवराला बारीक छिद्रं असतात, त्यात डांबर मुरून बसतं. डागाला मारायचं आणि दगडाला हात लावायचा नाही, असं रसायन हवं. ते गज्जर सरांनी शोधलं आणि पुतळा स्वच्छ झाला. गंमत म्हणजे तो पुतळा मुळात बडोद्याच्याच खंडेराव गायकवाडांनी दिलेला होता. राणीचं तोंड धुऊन दिलं म्हणून काहींना हे काम आवडणार नाही, समजू शकते. पण गोरे तज्ज्ञ हरले तिथे एक देशी मास्तर जिंकला, हेही खरंच ना?

याच डोक्याने त्यांनी काळवंडलेले मोती उजळायची रीत काढली. मोतीसुद्धा कॅल्शियम कार्बोनेटच, त्यामुळे प्रश्न तोच, फक्त माल फार महाग. त्यात त्यांनी चांगला पैसा मिळवला. गिरगावात स्वतःची टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी काढली आणि तिथेही विद्यार्थी शिकवले.

त्यांच्या विद्यार्थ्यांत एक मराठी नाव आहे, कोटिभास्कर. हे कोटिभास्कर, भाईलाल अमीन आणि खुद्द गज्जर सर यांच्या मेहनतीतून १९०७ मध्ये अलेम्बिक केमिकल वर्क्स ही कंपनी उभी राहिली. अलेम्बिक म्हणजे अर्क काढायचं जुन्या पद्धतीचं भांडं. सुरुवातीला तिथे अल्कोहोल आणि औषधी टिंक्चर बनायची. परदेशी बाटलीऐवजी देशी बाटली, तीही वर्गात शिकलेल्या केमिस्ट्रीतून. फर्स्ट इयरला डिस्टिलेशनची आकृती पेन्सिलने काढून आपण पाच मार्क घेतो, त्याच आकृतीचा हा कारखाना!

आपल्या भागात असा माणूस बघायचा असेल तर गाळप सुरू झाल्यावर कुठल्याही साखर कारखान्यात जा. उसाच्या गढूळ रसात चुना टाकायचा, गंधक जाळून त्याचा वायू सोडायचा, पीएच सांभाळायचा, गाळ खाली बसला की वरचा निवळ रस पुढे जातो. पीएच चुकला तर साखरेचा रंग बिघडतो किंवा साखरच फुटून वाया जाते. हे बघणाऱ्या माणसाला तिथे ‘केमिस्ट’ म्हणतात आणि तो कुठल्यातरी सरांचा विद्यार्थी असतो.

गज्जर सर १९२० मध्ये वारले. त्यांची कंपनी बडोद्यात आजही औषधे बनवते आणि कलाभवन १९४९ पासून तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची इंजिनिअरिंग फॅकल्टी झाली आहे. डांबरातून सुटलेली राणी भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. इंडस्ट्रिअल व्हिजिटला मुंबईला गेलात तर बघून या.