कार्यालयीन दूरध्वनी : दुरुस्ती की बदल?

कार्यालयातील दूरध्वनीयंत्रणा वरचेवर बिघडू लागली की ती मोडीत काढून इंटरनेटवरून संभाषणाची सोय करावी, अशी सूचना पुढे येते. परभणी जिल्ह्यात तिचा विचार करताना प्रथम जमिनीकडे पाहावे लागते. येथील काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. पुरलेल्या तारेच्या जोडांवर त्यामुळे ताण येतो. जोडात ओल शिरली की संभाषणात खरखर सुरू होते. दोष मात्र दिला जातो तो खोलीतील विनिमययंत्रास. म्हणून बाहेरची तार यंत्रापासून सोडवून तिला एक साधा दूरध्वनी जोडून पाहावा. खरखर तशीच राहिली, तर दोष तारेत आहे. नवे विनिमययंत्र घेऊन तो जाणार नाही. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे, आणि तीच बहुधा केली जात नाही.

जुन्या पद्धतीचा एक गुण सहसा ध्यानात येत नाही. तांब्याच्या जोडतारेतून दूरध्वनी-केंद्र आपल्या घटमालेतून ४८ व्होल्टचा प्रवाह पुरविते. त्यामुळे गावातील वीज गेली तरी साधा दूरध्वनी चालू राहतो. कार्यालयातील विनिमययंत्र कार्यालयाच्याच विजेवर चालते हे खरे. तथापि वीज खंडित होताच बाहेरची तार परस्पर एका ठरावीक दूरध्वनीस जोडण्याची योजना पुष्कळ यंत्रांत असते.

इंटरनेट-संभाषणाच्या रूढ पद्धतीत आवाजाचे दर सेकंदास ८,००० नमुने घेऊन प्रत्येक नमुना ८ बिटांत मांडतात. हे ६४,००० बिट २० मिलिसेकंदांच्या गठ्ठ्यांत बांधून प्रत्येकावर पत्ता घातला की भार सुमारे ८०,००० बिटांवर जातो. दहा संभाषणे एकदम चालली तरी एका दिशेस आठ लाख बिट. प्रकाशतंतूस हे ओझे क्षुल्लक होय. खरी अडचण वेगाची नसून नियमितपणाची आहे. गठ्ठ्यांना पोचण्यास १५० मिलिसेकंदांहून फार अधिक वेळ लागू लागला की दोघे एकमेकांचे वाक्य तोडू लागतात. तेव्हा ध्वनीच्या गठ्ठ्यांना इतर वाहतुकीपुढे अग्रक्रम देण्याची व्यवस्था यंत्रणेत असलीच पाहिजे.

शिवाय वाटेतील प्रत्येक यंत्रास वीज हवी. वळिवाच्या संध्याकाळी वीज जाते, आणि पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याला कृषी कार्यालयाशी बोलावयाचे असते तेही त्याच दिवसांत. त्या वेळी घंटा वाजणार की नाही, हा प्रश्न मासिक भाड्यातील बचतीहून मोठा आहे.

असे असले तरी जुन्याचा आग्रह सर्वत्र धरता येणार नाही. अनेक ठिकाणी तांब्याच्या तारेची जागा प्रकाशतंतूने घेतली आहे. तेथे तारेतून वीज मिळण्याचा लाभ उरलाच नाही. विनिमययंत्राचे सुटे भागही मिळत नसतील, तर बदल करणेच योग्य. मात्र ०२४५२ ने आरंभ होणारा जो क्रमांक वर्षानुवर्षे पत्रकांवर छापला गेला, तो नव्या सेवेत कायम राहील काय, हे आधी लेखी विचारून घ्यावे. आणि घटमालेचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरावा. वेगळी मागणी केली की ती पुढील वर्षावर जाते, हा अनुभव कोणत्याही कार्यालयास नवा नाही.