सांडू द्या, पण चाटू देऊ नका

वाढदिवसाचा केक घरी करायचा ठरला की घरातलं सगळ्यात धाकटं माणूस स्टूल ओढून ओट्यापाशी हजर होतं. पसारा होईल म्हणून आपण त्याला चाळणीला हात लावू देत नाही, ढवळू देत नाही, आणि शेवटी रडू नये म्हणून मिश्रणाचं रिकामं भांडं चाटायला देतो. म्हणजे ज्यात काहीच बिघडत नाही तिथे अडवतो आणि जिथे अडवायला हवं तिथे मोकळीक देतो. घरच्या केकबद्दलचे बरेचसे गैरसमज याच जातीचे आहेत.

गैरसमज : अंडं आणि ओव्हन नसेल तर केक फुगत नाही.

वस्तुस्थिती : केक फुगतो तो वायूमुळे. अंडं फेटलं की हवा धरून ठेवतं आणि भाजताना घट्ट होऊन केकला आधार देतं. यातलं फुगवण्याचं काम सोडा आणि आंबट दही मिळून करू शकतात. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ साली बेकिंग पावडर तयार केली, तीच मुळी पत्नीला यीस्ट सोसत नव्हतं म्हणून. पत्नीला अंडीही चालत नसत.

बिनअंड्याच्या केकचं एक भरवशाचं प्रमाण असं : दीड कप मैदा, एक कप ताजं दही, पाऊण कप साखर, अर्धा कप बिनवासाचं तेल, सव्वा चहाचा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा आणि थोडा व्हॅनिला इसेन्स. आधी दह्यात साखर विरघळवायची, मग त्यात सोडा आणि बेकिंग पावडर घालून पाच मिनिटं थांबायचं. दह्यावर बुडबुडे येऊ लागतात आणि बघता बघता ते फुलून वर येतं. मुलाला स्टुलावर उभं करून हे जरूर दाखवा. त्यानंतर तेल, इसेन्स आणि चाळलेला मैदा. मिश्रण तयार झालं की लगेच भाजायला ठेवायचं, कारण वायू निघून गेला की केक बसतो.

ओव्हन आधी तापवून १८० अंशांवर साधारण ३५ ते ४० मिनिटं लागतात. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण आणि मंद आच एवढं पुरतं. कुकर वापरायचा तर शिट्टी आणि रिंग काढून, पाणी न घालता. केकला कोरडी उष्णता हवी. वाफेत तो शिजतो, पण त्याला खरपूस रंग येत नाही.

गैरसमज : सोडा आणि बेकिंग पावडर एकच, एक संपलं तर दुसरं तेवढंच घालावं.

वस्तुस्थिती : खाण्याचा सोडा नुसता सोडा असतो. त्याला दही, ताक, लिंबू असं काही आंबट मिळालं तरच तो नीट काम करतो. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर आम्लही असतं. सोडा तिच्यापेक्षा सुमारे तिप्पट तीव्र. म्हणून चमचाभर पावडरीच्या जागी चमचाभर सोडा घातला तर केक साबणासारखा लागतो.

गैरसमज : जितकं जास्त फेटाल तितका केक हलका.

वस्तुस्थिती : हे मैदा पडेपर्यंतच खरं. मैद्यातल्या प्रथिनांना पाणी आणि घुसळण मिळाली की ग्लुटेन तयार होतं. पोळीची कणीक मळताना तेच हवं असतं, पण केक त्याने चिवट होतो.

मुलाच्या वाटणीचं काम इथेच ठरून जातं. दही-साखर त्याला हवं तेवढं फेटू द्या, काही बिघडत नाही. मैदा पडला की उलथणं मोठ्यांच्या हाती. ते कडेने तळाशी न्यायचं, खालचं मिश्रण वर आणायचं, भांडं थोडं फिरवायचं. पांढऱ्या रेघा दिसेनाशा झाल्या की हात थांबवायचा. चार बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतील.

मुलानेच शेवटपर्यंत ढवळायचा हट्ट धरला, तर सरळ रव्याचा केक करा. जाडसर रव्यात मैद्यासारखं सहजासहजी ग्लुटेन तयार होत नाही, त्यामुळे चार हात जास्त फिरले तरी तो सांभाळून घेतो. फक्त रवा भिजायला वेळ द्या आणि सोडा शेवटी घाला. मैदा नव्हता म्हणून केलेली ही तडजोड नव्हे. गोव्यात रवा-नारळाचा ‘बाथ’ हा मानाचा केक आहे.

गैरसमज : अंडं घातलेलं नाही, मग भांडं चाटायला काय हरकत?

वस्तुस्थिती : कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जिवाणूची लागण होऊ शकते हे अनेकांना ठाऊक असतं, पण पीठही कच्चंच असतं हे लक्षात येत नाही. गहू शेतातून येतो आणि दळल्याने त्यातले जिवाणू मरत नाहीत. अमेरिकेत २०१६ साली मैद्यातून पसरलेल्या ई. कोलाय जिवाणूमुळे अनेक राज्यांत माणसं आजारी पडली. त्यांत उपाहारगृहात कच्च्या पिठाचा गोळा खेळायला मिळालेली मुलंही होती. म्हणून अंड्याचं असो वा बिनअंड्याचं, कच्चं मिश्रण तोंडात जायला नको. पोळ्या करताना मुलाच्या हाती कणकेचा गोळा देतो, तोही टाळलेला बरा. दिलाच तर नंतर हात साबणाने धुवावेत. चाटायचंच असेल तर लोणी-साखरेचं आयसिंग आहे, त्यात पीठ नसतं.

गैरसमज : मोजमाप मुलाच्या हाती दिलं की केक बिघडलाच.

वस्तुस्थिती : बिघडतो तो बहुधा मोठ्यांच्या ‘कुठलीही वाटी चालेल’मुळे. पाककृतीतला कप साधारण २४० मिलिलिटरचा. आपल्या आमटीच्या वाट्या बऱ्याचदा त्याहून लहान. सगळं एकाच वाटीने मोजलं तर प्रमाण टिकेल असं वाटतं, पण सोडा चमच्याने मोजलेला असतो. वाटी लहान झाली की त्या मानाने तो जास्त होतो. शिवाय हलक्या हाताने भरलेल्या कपात मैदा सुमारे १२५ ग्रॅम बसतो, दाबून भरला तर दीडशेपर्यंत जातो.

तीन-चार वर्षांचं मूल चाळणी हलवू शकतं, डब्याला तेलाचा हात लावू शकतं, तुम्ही मोजून दिलेलं भांड्यात ओतू शकतं. पाच-सहा वर्षांचं मूल कप भरून वरचा मैदा चमच्याच्या दांड्याने सपाट करू शकतं. अंडं फोडायला द्यायचं तर वेगळ्या वाटीत, म्हणजे टरफल पडलं तर काढता येतं. मग हात धुवायचे. गॅस, तापलेला डबा आणि विजेचं बीटर मात्र मोठ्यांचंच.

गैरसमज : कणीक आणि गूळ घातला की केक पौष्टिक.

वस्तुस्थिती : कणकेमुळे तंतू वाढतात, हे खरं. कणीक पाणी जास्त पिते, म्हणून दोन-तीन चमचे दूध वाढवावं लागतं. पण गूळ ही बहुतांशी साखरच. त्यात थोडी खनिजं असली तरी उष्मांक साखरेच्या जवळपासच. गुळाचा केक चवीसाठी करा, हवा तेवढा खायची परवानगी म्हणून नको. पहिल्या वाढदिवसाआधी बाळासाठी केक करताना साखरेऐवजी मध घालायचा विचार असेल तर थांबा. बारा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला मध अजिबात देऊ नये, भाजलेल्या पदार्थातूनही नाही. त्यातल्या जिवाणूच्या बीजाणूंनी बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, आणि केकच्या उष्णतेने ते मरत नाहीत.

गैरसमज : केक खाल्ला की साखरेमुळे मुलं उधळतात.

वस्तुस्थिती : १९९५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हेच तपासणाऱ्या २३ प्रयोगांचा एकत्रित आढावा आला. साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम दिसला नाही. त्याआधी १९९४ च्या एका प्रयोगात काही आयांना सांगितलं, तुमच्या मुलाला साखर दिली आहे. प्रत्यक्षात दिलं होतं साखर नसलेलं पेय. तरी त्या आयांना आपली मुलं जास्त दंगेखोर वाटली. वाढदिवसाला मुलं उधळतात ती मित्र, फुगे आणि हुकलेल्या झोपेमुळे. साखर कमी ठेवायची तर दातांसाठी आणि वजनासाठी ठेवावी.

गैरसमज : सजावट म्हणजे मुलाचं काम, तिथे कसला धोका?

वस्तुस्थिती : काम त्याचंच, साहित्य मात्र निवडून द्या. अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं, चांदीच्या कडक गोळ्या लहान मुलांच्या घशात अडकू शकतात. किसलेलं चॉकलेट, बदामाची पूड, फळांचे बारीक काप बरे. बिटाचा गुलाबी रंग हवा असेल तर तो आयसिंगमध्ये घाला. भाजताना तो तपकिरी होतो.

एवढं करूनही केक फसतो तो बहुधा घाईने. गरम केकवर आयसिंग वितळून ओघळतं आणि पाहुणे दारात असताना मुलाला शिकवायला कोणालाच धीर नसतो. केक आदल्या दिवशी करा, पूर्ण गार होऊ द्या, झाकून ठेवा. सजावट दुसऱ्या दिवशी मुलाच्या हातून होऊ द्या, आणि ती वाकडी झाली तरी त्याच्यामागे सारखी करत बसू नका.